काराजोव्हच्या बरणीतला थर

नळ्यांच्या पोटातलं ल्यूबेन काराजोव्हला कळतं, असं सगळं गाव म्हणायचं. म्हणजे तो स्वतः म्हणायचा, आणि गाव वाद घालायचं नाही. गावाला ऊब पुरवणाऱ्या केंद्रात तो इंजिनियर. तिथल्या मोठ्या यंत्रात पातळ पत्र्यांच्या एका अंगाने केंद्राचं उकळतं पाणी जायचं, दुसऱ्या अंगाने घरोघरच्या रेडिएटरचं. पत्र्यांवर क्षाराचा थर धरला की ऊब अडते. थर धरलाय का, हे ओळखणं ल्यूबेनचं काम. देवालाही ते जमलं असतं म्हणा, पण देवाकडे पदवी कुठे?

शरदात त्याने बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या नळीत नवा थर्मामीटर बसवला. नळीत त्यासाठी एक बारीक खोबण असते. तिच्यात थोडं तेल ओततात, म्हणजे उष्णता थर्मामीटरपर्यंत नीट पोचते; नाहीतर थंडी वाढली की तो कमी दाखवतो. गांचो फिटर तेलाची बुधली घेऊन उभाच होता.

"तेल सॅलडवर ओतायचं, गांचो," ल्यूबेन म्हणाला. खोबण कोरडीच राहिली.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि थर्मामीटरचे पडद्यावरचे आकडे घसरले. पाणी गार जातंय! थर! दाबाचा काटा मात्र ढिम्म. खरा थर असता तर आधी त्याने बोंब मारली असती. घरोघरचे रेडिएटरही चांगले तापत होते. पण काटा पडला जुना, आणि लोकांना काय कळतं!

"यंत्र उघडायला ऐन थंडीत गाव गार पाडायचं?" संचालक स्पासोव्ह गुरगुरले. "आत घाण निघाली नाही, तर तुझी खुर्ची गेली समज."

"बरणी भरून तुमच्या टेबलावर आणून ठेवतो, साहेब!"

ऊब बंद झाली आणि यंत्र उघडलं. पत्रे इतके लख्ख, की ल्यूबेनला स्वतःच्या मिशा दिसल्या. मग त्याला ती कोरडी खोबण आठवली. सगळ्यांना जेवायला पिटाळून त्याने गुपचूप तेल ओतलं. आकडे ताळ्यावर येणार होते. पण बरणी कशाने भरायची?

त्याला आईची किटली आठवली. आईची आठवण त्यानंतर आली.

रायनाबाई सातव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. नव्या वर्षाच्या शुभेच्छासुद्धा लेकाने फोनवर उरकल्या होत्या. आत्ता त्या ओव्हरकोट घालून, दोन शाली गुंडाळून गॅसपाशी बसल्या होत्या. ल्यूबेनने किटली रिकामी केली आणि स्क्रू-ड्रायव्हरने आतला पांढरा थर खरवडून बरणीत भरायला सुरुवात केली.

"किती वर्षं सांगत होते रे, ल्यूबो, किटली साफ करून दे म्हणून!" म्हातारीचे डोळे भरून आले. "आणि आज, एवढ्या कामाच्या धबडग्यात आलास?"

"हो, आई."

"आणि ते बरणीत कशाला भरतोस?"

"जाताना फेकतो," तो म्हणाला. तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटली. बरणी मात्र त्याने काठोकाठ भरली.

स्पासोव्हांनी बरणी कपाटात, मानचिन्हांच्या शेजारी मांडली. "याला म्हणतात वास काढणारं नाक! आता दर जानेवारीत यंत्र उघडायचं." ल्यूबेनला मान डोलवावी लागली. दुसरं काय करणार?

संध्याकाळी आईचा फोन आला. साहेबांच्या हुकमाची बातमी सगळ्या गावाने शिव्या घालत ऐकली होती. तिचा आवाज मात्र आनंदाने थरथरत होता.

"दर जानेवारीत ऊब बंद ठेवणार म्हणे? मग दर जानेवारीत येशील ना, ल्यूबो? मी किटली आता घासतच नाही. धरू दे चांगला थर."