पेन्शनचा फारम

ही गोष्ट मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलेली नाही — आणि केलं होतं ते तिच्यासाठीच. निदान तेव्हा मी स्वतःला तसं बजावत होतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही दगडूला ओळखत नाही, म्हणून असेल.

चिंचवडच्या एका फाउंड्रीत आम्ही दोघं शेजारी शेजारी साचे भरायचो. दगडू रहाटणीचा, हाडापेरानं दणकट, कधी आजारी म्हणून रजा नाही. मी साताऱ्याकडचा, मॅट्रिक झालेला. कुठलाही इंग्रजी कागद आला की आमच्या खात्यातले सगळे तो माझ्याकडे आणायचे. मी सांगेन तो त्याचा अर्थ. याची माणसाला चटक लागते — खरंच लागते.

बांगलादेशची लढाई व्हायच्या थोडं आधी फंडाचा नियम बदलला. सरकारनं फॅमिली पेन्शन आणली. फंडात जे जमा होतं त्यातला थोडा भाग आता वेगळा काढायचा. नोकरीत असताना माणूस गेला, तर त्याच्या बायकोला दरमहा पेन्शन. जगला, तर निवृत्तीला हातात येणारा फंड तेवढा कमी. नव्यांना सक्ती होती, आम्हा जुन्यांना मात्र विचारलं होतं — पाहिजे असेल तर फॉर्म भरा, नसेल तर राहू द्या.

विचारतात कशाला? हीच पहिली शंका. आमचा संप मोडून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. साहेबाच्या केबिनमध्ये कुणी चहा प्यायला, तरी आम्ही त्याच्याशी आठ आठ दिवस बोलत नसू. अशात टाइम ऑफिसातला क्लार्क फॉर्म वाटताना हसला आणि म्हणाला, "भरा, तुमच्याच फायद्याचं आहे." आमचा फायदा? याला कधीपासून आमची काळजी?

जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना समजावलं. आपलाच पैसा तोडणार, कुठं गुंतवणार ते आपल्याला विचारणार नाहीत, आणि फळ मिळणार ते मेल्यावर. मी छान बोलायचो. दगडू तर माझ्याआधीच मान डोलवायचा. आमच्या खात्यात एकानंही फॉर्म भरला नाही. मला तेव्हा खोटं बोलायचं नव्हतं — माझा संशय मनापासूनचा होता. पण हे सांगून मी काय मिळवतोय?

मुदत संपायला चार दिवस होते, तेव्हा माझा खोकला वाढला. विम्याच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरनं तो उजेडाकडे धरला आणि जरा जास्तच वेळ बघत राहिला. म्हणाला, सावली दिसते, औषध सुरू करू. घरी बायको होती, पाळण्यात मुलगी होती. दोन रात्री झोपलो नाही.

तिसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर सगळे गेटबाहेर पडेपर्यंत थांबलो, आणि टाइम ऑफिसात जाऊन फॉर्म भरला. क्लार्कला हात जोडले — कुणाला बोलू नका. त्यानं नुसती मान हलवली. तो कधीच कुणाला बोलला नाही. ज्याच्यावर मी सगळ्यांत जास्त संशय घेतला, तो माणूस असा निघाला.

आणि मी?

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्याच दिवशी, दगडूनं मला सायकल स्टँडपाशी गाठलं. खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला. म्हणाला, "आमची सुंदरा म्हणती, भरून टाका. तू काय करतुयास?"

किती सोपं होतं ते. मी भरलाय, तूही भर — एवढंच म्हणायचं होतं. पण मनात आलं, हा विचारेल, कधी भरलास? का भरलास? साहेबानं तुला काय दिलं? संध्याकाळपर्यंत खातंभर होईल. मीच लोकांना असं बघायला शिकवलं होतं ना.

"मी न्हाई भरत, राव," मी म्हणालो.

"मग मी बी न्हाई," असं म्हणून त्यानं फॉर्म फाडला. हसत हसत फाडला.

माझी छाती औषधानं बरी झाली. दगडू तीन वर्षांनी काविळीनं गेला, दहा दिवसांत. घरच्यांच्या हाती आला तो फक्त त्याचा फंड. तो आजारपणात आणि दिवसपाण्यात निम्मा संपला. पेन्शन नव्हतीच. त्याची बायको सुंदरा दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. थोरल्या मुलीची शाळा सुटली.

मी भेटायला गेलो, तेव्हा तिनं एकच विचारलं.

"भावजी, तुमीबी न्हाई ना भरला त्यो फारम?"

"न्हाई," मी म्हणालो. दुसऱ्यांदा.

मला वाटलं, आता बोलेल, चार शिव्या देईल. तर म्हणाली, "अजून घेत असतील तर भरा, भावजी. वैनींवर ही पाळी नगं."

मी 'बघतो' म्हणालो.

पुढल्या वर्षी पिंपरीच्या बाजारात भेटली. डोक्यावर मेथीची पाटी होती. भर गर्दीत थांबून तिनं विचारलं, "भरला का?"

"हो, भरला."

"बरं केलंत," ती म्हणाली. तिला खरोखरच बरं वाटलं होतं. मग पाटीतली एक जुडी काढून तिनं माझ्या पिशवीत घातली. मी ती घरी नेली, आणि रात्री आम्ही ती भाजी खाल्ली.