सुलूचा शाही गरुड

ही गोष्ट अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्यालाही नाही सांगितली. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा भलतंच काहीतरी पुटपुटते — जसं काही त्याला ठाऊकच नाही! तुला सांगतेय, कारण तू मला ओळखत नाहीस. आणि तरी बघ, कुठून सुरू करू तेच कळत नाहीये.

पक्ष्यांपासून करते. दसरा उलटला, पाऊस गेला, की उत्तरेकडचे शिकारी पक्षी दक्षिणेला यायला लागतात — गरुड, ससाणे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीवरून समोरच डोंगर दिसतात. ऊन तापलं की तिथली गरम हवा वर चढते, आणि हे पक्षी तिच्यावर पंख पसरून गोल गोल वर जातात. रविवारी सकाळी मी आणि सुलू दुर्बिणी घेऊन ते मोजायला बसायचो. सुलू माझी शाळेपासूनची मैत्रीण, मागच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपचा एक नियम आहे — नेहमीचा पक्षी एकट्याने पाहिला तरी चालतो, पण दुर्मीळ असेल तर दुसऱ्यानेही 'हो, दिसला' म्हणायला हवं. तरच तो धरायचा. सरळ नियम आहे ना? त्यात वाईट काहीच नाही. वाईट मी होते.

सुलूची नजर — काय सांगू! आम्हाला ठिपका दिसेपर्यंत ही नाव सांगून मोकळी. ग्रुपमधली कॉलेजची पोरं तिलाच विचारायची, 'सुलूताई, हा कोण?' मला कोण विचारणार? मी आपली थर्मास उघडणारी. एकदा सगळे जमले होते आणि मी जोरात ओरडले, 'ठिपक्यांचा गरुड!' सुलू म्हणाली, 'अगं बाई, घार आहे ती! चष्मा बदल.' सगळे खो खो हसले. चेष्टाच होती. ती पहिल्यापासून अशीच बोलायची. पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढ्याशा गोष्टीचा? हो — एवढ्याशा.

पुढच्या रविवारी आम्ही दोघीच होतो. सुलू एकदम उठून उभी राहिली. 'शाही गरुड! टाकीच्या वर, बघ, बघ!' आमच्या गच्चीवरून तो कधी कुणाला दिसलाच नव्हता. मी दुर्बीण लावली. तो वळला — खांद्यावरचे पांढरे डाग, मानेचा सोनेरी रंग — लख्ख दिसला मला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मी म्हणाले, 'कुठे? मला तर नुसती घार दिसतेय.'

ती वेड्यासारखी बोट दाखवत होती. मी दुर्बीण त्याच्यावरच धरून 'नाही गं' म्हणत राहिले. तो डोंगरामागे जाईपर्यंत. म्हणजे मी त्याला पोटभर पाहून घेतलं — आणि नाही म्हणाले.

आता जे टाळत होते ते सांगते. सुलूच्या आईला शेवटी शेवटी भास व्हायचे. भिंतीवर माणसं दिसायची, त्यांना ती चहा विचारायची. सुलूनेच तिचं सगळं केलं. 'मला असं काही व्हायला लागलं ना, तर आधी तू सांगायचंस,' असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. हे मला त्या गच्चीवर आठवत नव्हतं का? आठवत होतं. चांगलं आठवत होतं.

नंतर तिने डोळे तपासून घेतले. डोळे ठणठणीत आहेत, डॉक्टर म्हणाले. तिचा चेहराच उतरला. डोळ्यांत दोष नाही, म्हणजे मग डोक्यात — असंच वाटणार ना तिला? पुढे साध्या घारीलाही ती मला विचारायची, 'घारच ना गं?' आणि मी — शी, लाज वाटते सांगायला — मी प्रेमाने सांगायचे, 'हो गं, घारच.' बरं वाटायचं मला. आता मला विचारत होतं ना कुणीतरी!

मग ती गच्चीवर यायचीच थांबली. गॅस बंद केलाय का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर जायला लागली. लेकीने मेंदूच्याही तपासण्या करून घेतल्या, त्यात काही निघालं नाही. सुलूला वाटलं, सगळे आपल्यापासून लपवतात. शेवटी लेकीने तिला बोरिवलीला आपल्याकडे नेलं. तिथे ती एकटी रस्ता ओलांडत नाही. दिवसासुद्धा पडदे ओढून बसते. 'सुलू, मी पाहिला होता' — कितीसे शब्द आहेत? फोन हातात घेते आणि खाली ठेवते. वर्षानुवर्षं हेच. भित्री आहे मी, दुसरं काय?

परवा तिचाच फोन आला. पाऊस गेला की करते कधीतरी.

'आले का गं ते?'

'येतायत,' म्हटलं.

मग म्हणाली, 'एक सांगू? त्या दिवशी तू हो ला हो केलं नाहीस, ते बरं केलंस. दुसरी कुणी असती तर माझं मन राखायला 'दिसला' म्हणाली असती. तू एकटी खरं बोललीस.'

आता तरी बोलायचं ना? आता तरी?

'मग, मैत्रीण कशाला असते गं?' म्हणाले मी.