चहातले थेंब

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने काटा उचलला की माझी नजर त्याच्या करंगळीवर. वाशिमला मी घरीच ब्लाउज शिवते, आणि एखाद्या बाईने 'कापड पुरेल ना?' असं विचारलं की मला वाटतं, उरलेलं कापड मी ठेवून घेते असं हिच्या मनात आहे. हा गुण बाबांकडून आला. म्हणूनच त्यांचा आजार ओळखायला मला इतका उशीर झाला.

आई गेल्यावर बाबा इंझोरीला एकटेच राहायचे. स्वतः भाकरी थापायचे, स्वतः शेत पाहायचे. शेजारचा शेतकरी दरवर्षी हद्दीवरचा धुरा, म्हणजे बांध, वीतभर कोरतो, असं ते म्हणायला लागले तेव्हा कोणालाच त्यात काही वाटलं नाही. धुऱ्यावरून शेजाऱ्यावर संशय नसलेला माणूस आमच्याकडे शोधून काढावा लागेल. मग ते म्हणाले, तो विहिरीत काहीतरी टाकतो. मग म्हणाले, तो मोबाइलमधून माझं बोलणं ऐकतो. एक दिवस त्यांनी मोबाइल ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवला, आणि चुलतकाकांचा मला फोन आला. "बाई, तू तुह्या बापाले घेऊन जाय. माणूस हातचा जाऊन राह्यला."

पोळ्यानंतर बाबांना वाशिमला आमच्या घरी आणलं. घरात नवरा आणि मुलं होती. आता डॉक्टर शोधायचा होता. हाड मोडलं तर चार जण चार पत्ते सांगतात. डोक्याच्या डॉक्टरचं विचारलं की समोरची बाई आधी मलाच नीट न्याहाळायची. मी 'माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांसाठी' म्हणून विचारत होते. माप देताना बायका सासूचं, नवऱ्याचं, सगळं बोलतात, पण हा प्रश्न टाकला की टेपखाली त्यांचं अंग आखडायचं. एकीने बाहेरचं काही आहे का ते बघा म्हटलं. एकीने नवस सुचवला. एक मात्र पंधरा दिवसांनी ब्लाउज न्यायला आली आणि दारात चपला घालता घालता हळूच पत्ता सांगून गेली. तिलाही तो कोणा मैत्रिणीसाठीच लागला होता.

हा डॉक्टर मोठ्या शहरातून दर दुसऱ्या रविवारी यायचा आणि एका मेडिकलच्या मागच्या खोलीत बसायचा. औषध आत लिहिलं जायचं, बाहेर विकलं जायचं, आणि गावातल्या दुसऱ्या कुठल्याच दुकानात मिळायचं नाही. मला तिथेच खटकलं. बाबा यायला तयार नव्हते, म्हणून मी एकटीच गेले होते. डॉक्टरने मान वर न करता माझं ऐकलं आणि कधी न पाहिलेल्या माणसासाठी औषध लिहूनही टाकलं. "गोळी घेणार नाहीत म्हणता ना? मग हे थेंब. चहात घाला. वास नाही, चव नाही." दुकानदाराने बाटली वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, इकडेतिकडे बघत माझ्या पिशवीत टाकली. माझा डॉक्टरवर संशय होता, दुकानदारावर होता, बाटलीवरच्या बारीक अक्षरांवर होता. चहात घालण्यावर तेवढा नव्हता. ते मला सोयीचं वाटलं.

पहिले काही आठवडे बरे गेले. बाबा झोपायला लागले. विहिरीचं बोलणं कमी झालं. नातवंडांच्या शाळेचं विचारू लागले. मला तर डॉक्टर देवमाणूस वाटायला लागला होता. बाटली मी पर्समध्ये ठेवायचे आणि पर्स कपाटात.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी ते ओट्यापाशी येऊन उभे राहिले. "काय टाकून राह्यली वं चहात?"

"साखर. अजून काय टाकणार?"

"माह्या चहात येगळं काय टाकतं?"

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तुमच्या डोक्याची शपथ बाबा, काही टाकत नाही. सगळे तुमच्या मनाचे खेळ आहेत." केस तेल लावून चप्प बसवलेले होते. हाताला तेल लागलं ते मी पदराला पुसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला कप माझ्यासमोर सरकवला. "आज हा तू पे."

"मी आत्ताच प्याले," मी म्हटलं, आणि कप उचलून चहा मोरीत ओतला. ते बघत होते.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं खाणं सोडलं. वरण-भात नाही, भाकरी नाही, पाणीसुद्धा स्वतः नळाखाली गडवा धरून. ज्याला वरून साल किंवा टरफल आहे तेवढंच ते खायचे. केळी, संत्री, उकडलेली अंडी, भुईमुगाच्या शेंगा. अंडं फुटलेलं निघालं तर बाजूला ठेवायचे. बघता बघता सदऱ्यात माणूस उरला नाही. थेंब बंद झाले तसा आजारही परत आला, आणि या वेळी शेजाऱ्याच्या जागी मी होते. हे असंच चाललं तर संक्रांतीपर्यंत बाबा राहतील की नाही, अशी मला भीती वाटायला लागली.

मी पुन्हा रविवारच्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, "इंजेक्शन देऊ. ताकदीचं आहे म्हणून सांगा. येताना धरायला दोन माणसं आणा." मी हो म्हणून बाहेर आले. रस्त्यात विचार करत होते की कोणती दोन माणसं, आणि माझ्या डोळ्यांसमोर बाबांचे दंड आले. ते धरायला एक माणूससुद्धा लागला नसता. मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. मी काही परत गेले नाही.

सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराची एक खोली आहे, हे मला माझ्याकडे शिवायला टाकणाऱ्या एका नर्सबाईने सांगितलं. एवढे दिवस का सांगितलं नाही म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही मैत्रिणीच्या सासऱ्यासाठी विचारत होत्या." फुकटच्या औषधात काय असणार, असं मनात आलंच. तरी गेले. बाबांना सांगितलं, वजन उतरलंय, रक्त तपासून येऊ.

डॉक्टर बाई कोवळी दिसत होती. बाहेर गर्दी नाही, म्हणजे हिच्या हाताला गुण नसणार, मी ठरवून टाकलं. बाबा बसले तसं तिने पहिलंच वाक्य टाकलं. "काका, मी मनाच्या आजाराची डॉक्टर आहे. मुलीने सांगितलं होतं ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या बाईचा असा संताप आला की उठून निघावंसं वाटलं. पण बाबा खुर्चीवरून हलले नाहीत. तिने धुऱ्याचं विचारलं, सोयाबीन काढणीचं विचारलं, रात्री काय ऐकू येतं ते विचारलं. बाबा सांगत गेले. माझ्यापाशी महिनाभरात बोलले नसतील एवढं बोलले. शेवटी तिने विचारलं, "जेवत का नाही?"

"हे माही पोरगी चहात औषध टाकते."

"नाही हो मॅडम," मी लगेच म्हटलं, "तोच तर त्यांचा आजार आहे."

तिने बाबांना जरा वेळ बाहेर बाकावर बसायला सांगितलं. दार लोटलं आणि म्हणाली, "टाकता का?"

"नाही."

"त्यांना आधी काय दिलं, किती दिलं, हे कळल्याशिवाय मी एक गोळीही लिहिणार नाही. त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे."

मी पर्स उघडली. बाटली टेबलावर ठेवली. तिने लेबल वाचलं, कधीपासून ते विचारलं, लिहून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

"ते आजारी आहेत," ती म्हणाली. "विहिरीचं, मोबाइलचं, ते आजारातलं आहे. पण चहाचं त्यांचं खरं आहे. हे तुम्ही त्यांना सांगा. मी सांगणार नाही."

"सांगितलं तर माझ्या हातचं कधीच खाणार नाहीत."

"आता खातात का?"

बाहेर बाबा बाकाच्या टोकाला बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी शेजारी बसले. समोरून एक बाई कडेवरचं मूल सांभाळत गेली, ती वळून दिसेनाशी होईपर्यंत मी थांबले. मग सांगितलं. थेंब होते, मीच टाकत होते, नवरात्राच्या आधी सुरू केले होते, डॉक्टरने सांगितलं म्हणून. शपथ खोटी होती हेही सांगितलं. माझ्या तोंडून 'तुमच्या भल्यासाठी' असं निघालं, आणि निघता निघताच ते मला खोटं वाटलं.

बाबांनी समोरच्या भिंतीकडे तोंड वळवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता उठतील आणि चालायला लागतील. पण ते हळू आवाजात, नुसतं समजून घेतल्यासारखं बोलले.

"घरात समदे मले येडा म्हणून राह्यले होते. तुले एकटीले मालूम होतं की मी खरं बोलतो. अन तूच सगळ्यायच्या आधी मले येडा म्हणत होती."

आतून त्यांचं नाव पुकारलं तेव्हा मी सवयीने त्यांच्यासोबत उठले. त्यांनी हाताने मला खाली बसवलं, एकटेच आत गेले आणि आतून दार लावून घेतलं.