सुनांच्या टीमचा उजवा कोपरा

आईचा फोन मंगळवारी सकाळी आला तेव्हा मला आधी वाटलं, पाण्याचं काहीतरी असेल. कारण मंगळवार आणि शनिवार हे आमच्या गावात नळाचे वार, आणि त्या सकाळी आमच्या घरातून कोणी कोणाला फोन करत नाही, सगळे पाणी भरत असतात. म्हणजे भरत असते काकी, बाकीचे तिच्या मधे मधे येत असतात. आई एवढंच म्हणाली, "प्राजू, निघ. काकी गेली गो." आणि मी विचारलं, "कुठे?" खरंच असं विचारलं मी. मग कळलं ते असं, की शेजारच्या प्रमिलावैनींना गल्लीत पाणी वाहताना दिसलं. सुरेखाच्या, म्हणजे आमच्या काकीच्या, दारातून पाणी वाया जातंय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे त्यांना तिथेच कळलं. धावत आल्या तर काकी मोरीच्या भिंतीला टेकून बसलेली, नळ चालू, हंडा भरून वाहतोय… हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. सेहेचाळीस वर्षांची होती. याला आता पाच आठवडे झाले आणि मला हे लिहायचंच आहे, कारण एक गोष्ट अशी आहे जी फक्त मला माहीत आहे. मला आणि काकीला.

आमचं घर काशीदच्या थोडं अलीकडे. आई शाळेत शिक्षिका, बाबा आणि काका दोघांची नोकरी अलिबागला, मी खारघरला एका ऑफिसात. काकी घरी. "काकी काय करते?" "काही नाही, घरीच असते." मी पण असंच सांगायचे, शपथ! आणि ती जे करायची ते तुम्हाला सांगते. सोमवारी बाजार, मंगळवारी पाणी आणि मोठे कपडे, बुधवारी गिरणी, गुरुवारी आजोबांची बीपीची गोळी आणायला मुरुड, शुक्रवारी मासळी, शनिवारी परत पाणी. कुठेही लिहिलेलं नाही, सगळं डोक्यात. आणि एक वार हलला की पत्त्यांसारखे सगळे वार परत पिसायची, तोंडाने बडबडत, "बुधवारचं आज उरकते, मग गुरुवार सुटतो, मग शुक्रवारचं मी बघते." आम्हाला फक्त एवढं कळायचं की जेवण वेळेवर आलं.

पण काकीची खरी ओळख ही नव्हेच. काकीचं माहेर अलिबागजवळचं. तिकडे पोरं चालायच्या आधी कबड्डी खेळतात, असं ती सांगायची. शाळेच्या टीममध्ये ती उजवा कोपरा, म्हणजे कडेला दबा धरून चढाईला आलेलीचा घोटा पकडणारी. जिल्ह्याच्या निवडीपर्यंत गेली, मग विसाव्या वर्षी लग्न झालं आणि ते सगळं तिकडेच राहिलं. राहिलं म्हणजे काय, आम्ही भावंडं ओल्या पायांनी स्वयंपाकघरातून पळायला लागलो की ही बसल्या बसल्या हात टाकून घोटा पकडायची. मी, तिची दोन पोरं, कोणीही सुटायचं नाही! एकदा काकांचा पकडला, चहाच्या कपासकट. काका म्हणाले, "अगो बाई, आता तरी रिटायर हो." ती म्हणाली, "अजून खेळलेच कुठे!"

तर गेल्या वर्षी गावच्या जत्रेत मंडळाने पहिल्यांदाच ठरवलं की दुसऱ्या दिवशी बायकांचा कबड्डीचा सामना ठेवायचा, लेकी विरुद्ध सुना. गुरुवारी, दुपारी साडेचारला, शाळेच्या मैदानावर. तुम्हाला काय सांगू, गावातल्या सुना अशा पेटल्या! आणि टीममध्ये पहिलं नाव काकीचं. महिनाभर आधीपासून संध्याकाळी पाच-सहा जणी मैदानावर, साड्या खोचून, कोणी नवऱ्याची ट्रॅकपँट घालून. मी शनिवार-रविवारी घरी यायचे तेव्हा काकीच्या ढोपरांना माती आणि चेहऱ्यावर असं काहीतरी… मी तिला तशी कधी बघितलीच नव्हती. पंचवीस वर्षांनी खेळणार होती ती.

आणि मला बघायला येणारे पाहुणे यायचे होते त्यानंतरच्या रविवारी. अनिकेतचं स्थळ, पुण्याचं. मी आठवडाभर सुट्टी टाकून घरी आले होते. सोमवारी सकाळी त्यांचा फोन, मुलाला रविवारी बाहेरगावी जायचंय, गुरुवारी आलो तर चालेल का, चार वाजेपर्यंत पोचतो. बाबा हो म्हणून मोकळे. मी काकीकडे बघितलं. तिने हातातली चाळणी खाली ठेवली आणि सुरू. "गुरुवार म्हणजे मासे न्हाय. मग वालाचं बिरडं. वाल आत्ताच भिजत घालते, बुधवारी सोलते. पडदे उद्या पाण्यात. गिरणी आज. गोळ्या बुधवारी आणते." बोलता बोलता वाल भिजत पडले पण! बुधवारी प्रॅक्टिस सोडून ती दोन किलो वाल सोलत बसली होती आणि मी समोर तोंडाला पॅक लावून मोबाइल बघत होते. तेव्हा ती म्हणाली, "प्राजू, मी सगळं तीनपर्यंत करून ठेवते. चारला आले की पोहे मी देते. मग तू एक तास सांभाळशील? फक्त चहा टाकायचा. सामना झाला की धावत येते."

एक तास. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "काकी प्लीज, पहिल्यांदा येतायत ते. तू मातीने भरून आलीस तर काय म्हणतील?"

ती हसली. "कबड्डीवाली काकी म्हणतील." मी हसले नाही. मग ती वाल सोलायला लागली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "बरं. प्रमिलाला सांगते माझ्या जागी उभी राहा."

गुरुवारी साडेतीनला माझ्या फोनवर अनिकेतच्या आईचा मेसेज. माणगावातच अडकलोय, हायवेला ट्रॅफिक आहे, सहा तरी वाजतील. मी आतल्या खोलीत साडी नेसत होते. बाहेर काकीचा आवाज येत होता, आजोबांना स्वेटर घाला म्हणून सांगत होती, एवढ्या उकाड्यात! मला फक्त हाक मारायची होती. काकी, पळ. सामन्याला एक तास होता, पाहुण्यांना अडीच. आरामात खेळून, आंघोळ करून, नवी साडी नेसून उभी राहिली असती. आणि मी… मला वाटलं, ते लवकर आले तर? हिचं ढोपर फुटलं तर? घरात कोणी नसलं तर मी पोहे बिघडवले तर? मी फोन उशीखाली ठेवला. आई-बाबांनाही सांगितलं नाही. "येतायत, येतायत" म्हणत राहिले.

साडेचारला मैदानावर शिट्टी वाजली. मैदान आमच्या मागच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर, माईकवरचं सगळं ऐकू येतं. काकी चापूनचोपून साडी नेसून, केसात गजरा घालून, चिरलेल्या कांद्यासमोर उभी. कान खिडकीत. "बोनस सोड गो, बोनस सोड! आता बाहेर नको पडू… प्रमिले, घोट्याला जा! कमरेला काय धरतेस, नवरा हाय काय तुझा!" आई हसून हसून खाली बसली. मी पण हसले. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या पाऊण तासात मला आतून इतकं घाण वाटत होतं आणि तरी मी हसत होते. मधेच काकी म्हणाली, "आले कसे न्हाय गो अजून? फोन कर बरं." मी फोन कानाला लावला आणि म्हणाले, रेंज नाही. सुना दोन गुणांनी हरल्या. माईकवर निकाल सांगितला तेव्हा काकीने पदराने ओटा पुसला. ओटा पुसलेलाच होता.

ते सहाला आले. गप्पा सुरू झाल्या, मैदानावरून बक्षिसांच्या टाळ्या ऐकू यायला लागल्या, आणि अनिकेतच्या आईने विचारलं, कसला आवाज? बाबांनी सांगितलं. ती बाई एकदम सरसावून बसली. "अय्या, सुनांची कबड्डी? आधी सांगायचं ना, आम्ही गाडी थेट मैदानावरच घेतली असती!" मग काकीकडे बघून, "तुम्ही नाही खेळत?"

"खेळायचे," काकी म्हणाली. "हिच्याहून लहान होते तेव्हा."

"मग जायचं ना आज! आम्हाला तर उशीरच होणार होता. साडेतीनलाच प्राजक्ताला मेसेज केला मी, तुमची धावपळ नको म्हणून."

काकीच्या हातात पोह्यांचा ट्रे होता. तिने माझ्याकडे बघितलं. किती वेळ? दोन सेकंद असतील. मी खाली बघितलं. आणि मला तिचा आवाज ऐकू आला, नेहमीचाच, "हो तर, सांगितलं ना तिने लगेच. मलाच कंटाळा आला जायचा. घ्या, लिंबू पिळून घ्या."

त्यावर ती परत कधीही, एका शब्दानेही बोलली नाही. त्या संध्याकाळी भांडी आवरताना मी दारात जाऊन उभी राहिले तर म्हणाली, "मुलगा चांगला हाय. टोप पूस." बस. अनिकेतशी माझं ठरलं, साखरपुडा झाला, साखरपुड्यात ती सगळ्यात जास्त नाचली. आणि मी खारघरहून तिला फोन करायचे, दर वेळी ठरवून की आज सांगायचं. "काकी, एक बोलायचं होतं." "बोल गो." "…काही नाही, बिरड्यात गूळ कधी घालायचा?" असं आठ महिने. बिरडं, भरलं पापलेट, तांदळाची भाकरी, सगळ्याच्या कृती विचारून झाल्या माझ्या. ती पण दर वेळी नीट सांगायची, जसं काही मी खरंच तेवढ्यासाठीच फोन केलाय. तिला कळत असणार. काकीला न कळण्यासारखं काय होतं त्यात.

बारावं झाल्यावर मी आणखी आठवडाभर घरी राहिले. आईची शाळा सुरू झाली होती, म्हणून मी स्वयंपाकाला उभी राहिले, आणि पायाला काहीतरी वेगळं लागलं. आमच्या स्वयंपाकघरात अजून जुनी कोब्याची जमीन आहे, खरबरीत. पण शेगडीसमोर दोन जागा एकदम गुळगुळीत झाल्यात, तळहाताएवढ्या. शेजारी शेजारी नाहीत. एक पुढे, एक मागे, बाहेरच्या अंगाला. मला कळेना, असं कोण उभं राहतं? मग मी त्यांवर पाय ठेवून बघितले तर गुडघे आपोआप वाकले, अंग पुढे झुकलं… अगो, ही कोपऱ्यात उभी राहायची! पंचवीस वर्षं फोडण्या देताना, भाकऱ्या थापताना, कोणीतरी चढाईला येणार असल्यासारखी.

घरात कोणी नव्हतं. मी तशीच उभी राहिले, तिच्या पायांच्या जागी, आणि मोठ्याने म्हणाले, "काकी, मेसेज साडेतीनला आला होता. मी वाचला होता."