भक्तीचा पक्का नंबर

माझी सून भक्ती दोडामार्गची. बापाच्या केळीच्या बागेत साप फार, तिथेच वाढली, म्हणून अजून पायाखाली बघूनच चालते. पुण्याच्या ऑफिसचं काम ती आमच्या पडवीत बसून करते. बोलते कमी, पण हसली की शेजारच्या ग्लिनिसचं कुत्रं भुंकतं.

दसऱ्यानंतर ऑफिसाने फर्मान काढलं: घरच्या इंटरनेटचा नंबर कायम एकच हवा. तो ओळखला तरच ऑफिसचं काम उघडणार. त्याला म्हणे स्टॅटिक आयपी म्हणतात. दिवाळीपर्यंत तो मिळाला नाही, तर बाईने पुण्याला यायचं. म्हणजे तिच्यामागून माझी नात संचिताही जाणार. मी दुसरी शिकलेली, पण एवढं मला कळलं.

कंपन्या दोन. एकीचा मंगेश आमच्याच वाडीतला, बोलणं गुळासारखं. "वयनी, आमचो नंबर बदलणाच नाय. आठ दिवस वापरून बघा." दुसरी कुडाळची. तिथली बाई म्हणाली, पक्का नंबर देऊ, पण तार यायला वेळ लागेल.

भक्तीने मंगेशची इंटरनेटची पेटी लावली. रोज सकाळी बघायची, नंबर तोच. आता ऑफिसाला कळवणार, तेवढ्यात दुपारी आभाळ गडगडलं. वीज चमकली की मी घरातल्या सगळ्या पिना उपटते. टीव्ही, फ्रिज, मिक्सर. मग पेटीच तेवढी कशी सोडेन?

"आये! माझा काम चालू होता!"

"ऱ्हवांदे. पेटी जळली तर मंगेश तोंड दाखवचो नाय."

आभाळ निवळल्यावर पिन लावली. भक्ती बघतच राहिली. "आये, नंबर बदाललो."

मी जवळ जाऊन विचारलं, "माझ्यामुळा गो?"

"तुमच्यामुळाच!" आणि अशी हसली, की पलीकडे कुत्रं सुरू. "बरा झाला, आधीच कळला. ऑफिसाक कळवल्यावर बदाललो असतो तर?"

तिने फोन केला तसा मंगेश धावत आला. "काकी, पेटी बंद कित्याक केलंस?"

"तुजो नंबर विजेक भियाता, ता माका काय ठावक?"

डोकं खाजवत म्हणाला, "पक्को नंबर आमच्याकडे गावणा नाय, काकी." चहा मात्र पिऊन गेला.

भक्तीने लगेच कुडाळला कळवलं, आणि तिथली तार ग्लिनिसच्या माडांमधून दिवाळीआधीच आली. भक्ती म्हणाली, "आये, काढा पिन."

काढली, लावली. नंबर तोच. पुन्हा काढली, लावली. तोच! मला मजाच वाटायला लागली.

"पुरे आता, माका काम करूंदे!" भक्ती हसत सुटली, आणि कुत्र्याने संध्याकाळपर्यंत ग्लिनिसला स्वस्थ बसू दिलं नाही.