दोन ठिकाणं आणि एक रुपया

साठीच्या सिंधी शेठशी माझं लग्न ठरतंय, ही बातमी मला सोडून आमच्या सगळ्या नातेवाइकांना आधी कळली. ती पसरवली मीच, एका रुपयात.

बाबा अंबरनाथच्या फॅक्टरीतून रिटायर व्हायला आले होते आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं. आईला स्वतःचं घर हवं होतं. मोठं नको, शिलाई मशीन ठेवायला उजेडाची एक खिडकी असली की झालं. त्यातच मी जिथे टायपिंग करायचे ते दुकान बंद पडलं. बदलापुरात तेव्हा जिकडे बघावं तिकडे बिल्डिंगा उठत होत्या. इस्टेट एजंट व्हायला मजबूत चपला आणि न थकणारी जीभ एवढंच लागतं, असं मला कुणीतरी सांगितलं. (जीभ होतीच. चपला घेतल्या.) पण नव्या माणसाला आधी कुणाच्या तरी ऑफिसात, हाताखाली बसावं लागतं. माझ्यापुढे अशी दोन ऑफिसं होती आणि कुठलं धरावं ते कळेना.

म्हणून मी शांताआत्याला फोन लावला. ही बाबांची थोरली बहीण, उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहायची. शेजारच्या सिंधी बायकांबरोबर पापड लाटता लाटता त्यांची भाषा शिकली होती. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळी माया माझ्या वाट्याला आलेली. माझ्या लग्नासाठी तिने एक पांढरी साडी घेऊन ठेवली होती, कारण आमच्यात नवरी विहारात पांढऱ्या साडीत उभी राहते. दर उन्हाळ्यात ती साडी ऊन दाखवायला बाहेर काढायची आणि माझ्याकडे न बघता पुन्हा घडी घालायची. मी तिशी ओलांडली होती. साडीनेही ओलांडली असावी.

फोन कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाबाहेरच्या डब्याचा होता. एक रुपया टाकायचा, एक मिनिट बोलायचं. मी घाईघाईने सुरुवात केली.

"आत्या, घरात बोलू नकोस एवढ्यात. दोन ठिकाणं आलीत. कुठलं धरू सांग."

(आमच्या नात्यागोत्यात लग्नाच्या स्थळाला 'ठिकाण' म्हणतात. हे मला माहीत होतं. आठवलं मात्र नाही.)

"दोन?" आत्याचा आवाज एकदम हलका झाला. "सांग गं पोरी, कोण कोण?"

"एक तुमच्या उल्हासनगरचे शेठ आहेत, सिंधी. एसी आहे, गाडी आहे. दुसरे बदलापूर गावातले भोईर."

"वय काय त्यांचं?"

"दोघंही साठीचे. पण अनुभव आहे ना! शेठ म्हणतात, सहा महिने बघू, जमलं तर कायम ठेवू. भोईर म्हणतात, जे काय येईल ते अर्धं-अर्धं. मला वाटतं सुरुवातीला दोघांकडेही जावं. सकाळी एकीकडे, संध्याकाळी..."

इथे रुपया संपला. दुसरा नव्हता. दुकानदार दहाची नोट मोडेना. राहिलेलं रविवारी सांगू म्हणून मी घरी आले.

रविवारपर्यंत घराची कळा बदलली. आई मशीनवर बसायची आणि मशीन चालायचं नाही. बाबा पेपर उघडून तासन्‌तास एकाच पानावर. मला वाटलं, क्वार्टर सोडायचं दुःख आहे. शेवटी बाबांनीच विषय काढला.

"सुजाता, आत्याने सांगितलं सगळं. तुझ्या मनाविरुद्ध आम्ही जाणार नाही. पण साठ?"

"बाबा, वय काय बघायचंय? ओळखी बघा. शेठकडे बिल्डर घरी येऊन बसतात."

आई चाचरत म्हणाली, "त्यांची पहिली आहे का गं?"

"आहे ना, उल्हासनगरला. जोरात चाललीये. आता इथे अंबरनाथला दुसरी उघडायची म्हणतात. तिथे मला बसवणार."

आईने पदर तोंडाला लावला. माझा उत्साह पाहून तिला गहिवरून आलं, असं मी समजले. (तेव्हा मी बरंच काही समजायचे.)

"तुमच्यासाठीच करतेय मी," मी म्हटलं. "शेठ म्हणालेत, जमलं तर फ्लॅट आधी तुम्हाला मिळेल. आईला खिडकी मिळेल."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. "मला घर नको," ते म्हणाले. "मी झाडाखाली राहीन." ते उठून बाहेर गेले, आणि मी चिडले. मुलगी कामाला लागतेय तर एवढं कसलं वाईट वाटतं माणसाला?

तेवढ्यात आत्या आली. दारातच म्हणाली, "चल. दोन्ही ठिकाणं मी माझ्या डोळ्यांनी बघणार." मला बरंच वाटलं. व्यवहार जाणणारी बाई, चार प्रश्न विचारेल.

शेठ भला माणूस. काचेचं दार स्वतः उघडलं, चहा मागवला. आत्याने चहाला हात लावला नाही.

"घरवाली है?"

"है ना, बहनजी. ऊपर रहती है."

"उसको मालूम है ये सब?"

"अरे, उसी ने तो बोला," शेठ कौतुकाने म्हणाले, "लडकी रख लो."

पुढे ते महिला ग्राहकांबद्दल काहीतरी सांगत होते, पण आत्या उभी राहिली होती. ती जे बोलली ते सिंधीत. मला एक अक्षर कळलं नाही. शेठ मात्र खुर्चीसकट मागे सरकत भिंतीला लागले. पापडांच्या पलीकडेही आत्याचं सिंधी बरंच आहे, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर आल्यावर मी रडकुंडीला येऊन विचारलं, "काय बोललीस?" ती म्हणाली, "चल बदलापूरला."

एक ऑफिस गेलं. उरलं एकच, आणि तेही आत्या पायातली चप्पल सैल करूनच बघायला निघाली होती.

भोईर काकांचं ऑफिस म्हणजे सायकलच्या जुन्या दुकानात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. एकीवर काका, दुसरीवर काकू. आत्या काकूंना बघून गोंधळली.

"तुम्ही कोण?"

"मी यांची बायको."

"आणि तुम्हाला हे चालतं?"

"न चालून सांगू कोनाला, बाय? यांचं गुरघं गेलंन. तिसऱ्या माल्यावर चरवत नाय. लोकांना घर दाखवाला कोनतरी नको का? तुमची पोर मना पसंत हाय."

"घर दाखवायला?" आत्या म्हणाली.

"मंग कशाला?" काकूंनी विचारलं.

आत्या खाली पायरीवर बसली. माझ्याकडे बघितलं. माझ्या नव्या चपलांकडे बघितलं. मग हसायला लागली, इतकी की काकूंनी पाण्याचा तांब्या आणला. मीही हसले, कारण तेव्हा कुठे मला माझी सगळी वाक्यं एकेक करून आठवली. हसून झाल्यावर आत्याने डोळे पुसले आणि हळूच विचारलं,

"म्हणजे लग्नाचं काहीच नाही का गं?"

सुटल्याचा आनंद त्या आवाजात होता, पण थोडा. बाकी सगळी ती साडी होती.

मी भोईर काकांकडे लागले. बदलापुरात मांजर्लीला, नदीजवळ, दुसऱ्या मजल्यावरचं घर बाबांना मीच दाखवलं. पुराचं पाणी तिथवर चढत नाही, हे काकांनी चार वेळा सांगितलं. आईला खिडकी मिळाली. आत्या आली की खिडकीशी बसून नदीकडे बघायची आणि म्हणायची, "ठिकाण मी चांगलं निवडलं हो." चावी मिळाली त्या दिवशी तिने ती पांढरी साडी आणली आणि मला नेसवली. विहारात नाही तर नाही, नव्या घराच्या उंबऱ्यावर तरी उभी राहा म्हणाली. घडीच्या रेघा साडीवरून गेल्या नव्हत्या. मी उभी राहिले, आणि ती बाहेर जिन्यात उभी राहून बघत राहिली.

आता आत्या नाही. डब्याचे फोनही गेले. माझं स्वतःचं छोटं ऑफिस आहे. दिवसभर मोबाइलवर लोकांना घरं सांगत असते, आणि मधेच आत्याची इतकी आठवण येते की समोरच्याला हॉल किती मोठा हेच सांगायचं राहून जातं. एकदाच तो रुपया मिळाला तर मी तिला पुन्हा फोन करेन. दोन ठिकाणं आलीत म्हणेन, वय सांगेन, एसी सांगेन, आणि ऑफिसचं नाव काढण्याआधी मिनिट संपू देईन. कारण माझं लग्न ठरलं ते आयुष्यात त्या एकाच आठवड्यात, तेही दोघांशी, आणि मला मेलीला कुणी वेळेवर कळवलंच नाही!