आबांचं हसणं
नव्या सिनेमाच्या पोस्टरवर लहानपणीच्या कार्टूनमधले कोल्हा-कोंबडा दिसले आणि मला बमरोलीतली शेजाऱ्यांची खोली आठवली, कारण चाळीत टीव्ही त्यांच्याकडेच होता. आबा, म्हणजे माझे वडील, कारखान्यातून सुटले की केसांतल्या धाग्यांसकट तिथे माझ्याशेजारी येऊन बसत. यंत्रमागांच्या खडखडाटानं त्यांना ऐकू कमी यायचं, पण त्या कार्टूनमध्ये बोलणंच नव्हतं, नुसती पळापळ, त्यामुळे त्यांना सगळं कळायचं. एका संध्याकाळी कोल्हा हौदात पडला आणि आबा हसले, मागावर हसायचे तसेच, खडखडाटाच्या वर आवाज काढून. शेजारच्या पोरी एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आबा, हळू हास ना, लोके देखतस." "बरं माय," ते म्हणाले आणि खांद्यावरचा रुमाल त्यांनी तोंडावर धरला. परवा मी त्यांना आणि माझ्या लेकीला घेऊन तो सिनेमा बघायला गेले. कोल्हा पुन्हा हौदात पडला, अख्खं थिएटर खदखदून हसलं, लेक तर खुर्चीवर उभी राहून हसली. मी आबांकडे पाहिलं. त्यांचे खांदे गदगदत होते आणि तोंडावर रुमाल होता.